कर्णाचं आख्यान कसं लावावं

नारदीय कीर्तनाला नव्यानं उभी राहणारी मुलं-मुली मला आख्यानांबद्दल विचारायला येतात, त्यात कर्णाची मागणी सगळ्यांत जास्त असते. कर्ण लावला की मंडप भरतो. पण मी ऐकलेली बहुतेक कर्णाख्यानं एकाच वळणावर जातात. पेटीत सोडलेलं बाळ, सूतपुत्र म्हणून झालेला अपमान, गुरूचा शाप, इंद्राला दिलेली कवचकुंडलं, चिखलात रुतलेलं चाक. तासभर कर्णावर अन्याय होत राहतो, श्रोते डोळे पुसतात आणि प्रसाद घेऊन घरी जातात. या सगळ्यात कर्णानं स्वतः काय केलं, कशासाठी केलं, हे कोणी विचारतच नाही. ज्याच्यावर सगळं नुसतं घडत जातं त्याची कीव येते. ज्याला दार उघडं दिसत असतं, आणि तरी जो समजून उमजून आत राहतो, त्याची शोकांतिका होते. कर्णाला असं दार उघडून दिलं होतं आणि त्यानं ते स्वतःच्या हातानं लावून घेतलं. आख्यान तिथे उभं करायचं. मी ते कसं करते, ते इथे लिहिते.

प्रसंग एकच घ्या

जन्मापासून मरणापर्यंत सगळं सांगायचा मोह सोडा. उत्तररंगाला, म्हणजे कीर्तनाच्या आख्यान सांगायच्या उत्तरार्धाला, तासभर मिळतो. तेवढ्यात अख्खा कर्ण सांगायला गेलात तर हाती यादी उरते. उद्योगपर्वातला एक प्रसंग मध्यभागी ठेवा: शिष्टाई फसल्यावर कृष्ण हस्तिनापुरातून निघतो, जाताना कर्णाला आपल्या रथात घेतो आणि गावाबाहेर त्याला सांगतो की तू कुंतीचा मुलगा आहेस. बाकी सगळं या रथातून मागे-पुढे पाहत सांगायचं.

आधी मूळ वाचा. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं 1919 ते 1966 एवढा काळ खर्चून महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ, पुरी केली. सुरुवातीचा मोठा भार विष्णु सुखटणकरांनी वाहिला. संस्कृत जमत नसेल तर मराठी भाषांतर चालेल, पण कादंबरी आणि मालिका पाहून आख्यान बांधू नका. कीर्तनात आपण ‘महाभारतात असं आहे’ म्हणतो, आणि समोरचे लोक आपल्यावर विश्वास ठेवतात. द्रौपदी मनातली कर्णाची ओढ कबूल करते ती जांभळाची गोष्ट, मरताना सोन्याचा दात काढून दिल्याची गोष्ट या लोकांच्या आवडीच्या आहेत, मलाही आवडतात. त्या सांगायच्या असतील तर ‘लोकपरंपरेत असं सांगतात’ एवढं वाक्य जोडा. स्वयंवरात द्रौपदी ‘मी सूताला वरणार नाही’ म्हणते, हे वाक्य तर चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही. आणि आपल्याकडे अर्धी आख्यानं त्याच वाक्यावर उभी असतात.

वाचताना वहीचं पान उभं दुमडून दोन रकाने करा. डावीकडे कर्ण आपल्या वागण्याची जी कारणं सांगतो ती, त्याच क्रमानं. उजवीकडे तो प्रत्यक्षात काय करतो ते. दुसरे लोक त्याच्याविषयी काय म्हणतात ते या पानावर अजिबात नको. भीष्म त्याला अर्धरथी, म्हणजे पुरा योद्धाही नाही, असं म्हणतो, भीम त्याला चाबूक हातात घे म्हणतो. ते सगळं दुसऱ्या पानावर. हे दोन रकाने शेजारी ठेवले की आख्यानाचा सांगाडा आपोआप दिसायला लागतो.

पूर्वरंग

पूर्वरंगात, म्हणजे अभंगावर निरूपण करायच्या पहिल्या भागात, लांबलचक वेदान्त नको. मूळपद म्हणून मी तुकोबांचा आत्मचरित्रपर अभंग घेते, ‘याति शूद्र’ या शब्दांनी सुरू होणारा. त्यात पुढे ओळ येते: ‘सत्य असत्याशी मन केलें ग्वाही । मानियेलें नाही बहुमता ।।’ जात सांगून सुरुवात करणारा हा माणूस लोकांच्या मताला बाजूला ठेवून स्वतःच्या मनाला साक्षीदार करतो. निरूपणात एवढाच प्रश्न सोडायचा: माणूस एखादी गोष्ट करतो ती लोक काय म्हणतील म्हणून, की मन काय म्हणेल म्हणून? आणि मनानं साक्ष दिली तरी ती उघड द्यायची की मनातल्या मनात? उत्तर देऊ नका. हार-बुक्का होऊन उत्तररंगाला उभ्या राहाल तेव्हा श्रोत्यांच्या मनात तो प्रश्न जागा असला पाहिजे.

कर्णाची देणी

रथातल्या नकाराला वजन यायचं असेल तर कर्ण कुणाचं काय देणं लागतो, ते श्रोत्यांना आधी दिसलं पाहिजे. त्यासाठी आदिपर्वातला रंगभूमीचा प्रसंग घ्या, पण लोक जिथे थांबतात त्याच्या पुढे जा.

कर्ण अर्जुनाला आव्हान देतो. कृपाचार्य कुळ विचारतात. कर्णाची मान खाली जाते. दुर्योधन तिथल्या तिथे त्याला अंगदेशाचा राजा करतो, आणि बदल्यात काय हवं विचारल्यावर म्हणतो, तुझं अखंड सख्य हवं. इथे टाळी येते आणि बहुतेक कीर्तनकार इथून पुढच्या प्रसंगावर उडी मारतात. थांबा. आता अधिरथ आत येतो. म्हातारा आहे, काठी टेकत येतो, घामेजला आहे, थरथरतो आहे, अंगावरचं उत्तरीय घसरलं आहे. अभिषेकाच्या पाण्यानं कर्णाचं डोकं अजून ओलं आहे. तो धनुष्य बाजूला ठेवतो आणि त्या ओल्या डोक्यानं बापाच्या पायांवर वाकतो. अधिरथ गडबडतो, धोतराच्या टोकानं आपले पाय झाकून घेतो, आणि ‘बाळा’ म्हणून त्याला जवळ घेतो. त्याच्या आसवांनी ते डोकं पुन्हा भिजतं.

हा क्षण सावकाश सांगा. तबला बंद, पेटीचा नुसता सूर. सगळ्या हस्तिनापुरासमोर कुळ विचारलं गेलं आहे, राजेपण मिळून घटकाही झालेली नाही, आणि कुळाचा पुरावा काठी टेकत समोर येऊन उभा आहे. त्या वेळी ओळख न दाखवणं किती सोपं होतं! कर्ण वाकतो. मग भीम हसतो, म्हणतो की तुझ्या कुळाला शोभेल असा चाबूक उचल. लोकांकडून मिळणारा मान ज्याला हवाहवासा आहे असा हा माणूस, तो मान जाईल हे दिसत असताना बापाचे पाय धरतो. रथातला नकार मला या वाकण्यातच दिसतो.

कवचकुंडलांचा प्रसंग वनपर्वात आहे. तो थोडक्यात घ्या, पण पुरा घ्या. सूर्य त्याला आधी सावध करतो. कर्ण म्हणतो, जीव गेला तरी चालेल, कीर्ती जाऊ देणार नाही. आणि सूर्याच्याच सल्ल्यानं तो इंद्राकडून बदल्यात शक्ती हे अमोघ अस्त्र मागून घेतो. ही मागणी गाळून दान सांगणारे कीर्तनकार मी पुष्कळ पाहिले आहेत. गाळू नका. त्यानं कर्ण लहान होत नाही. उलट त्याला काय प्रिय आहे ते नेमकं कळतं: नाव, आणि अर्जुनावरचा विजय.

रथातलं बोलणं

कृष्णाचं बोलणं कपटी करू नका. आपल्याकडे हा प्रसंग सांगताना कीर्तनकार कृष्णाला डोळा मारायला लावतात आणि श्रोते हसतात. तसं केलंत तर कर्णाच्या नकाराची किंमत शून्य होते, कारण फसव्या माणसाला नाही म्हणण्यात काय मोठं? कृष्णाचा प्रस्ताव खरा आहे असं समजून बोला. तू धर्मानं पांडूचा मुलगा आहेस. पाची भाऊ तुझे पाय धरतील. युधिष्ठिर युवराज होऊन तुझ्यावर चवरी ढाळेल, भीम छत्र धरेल, अर्जुन रथ हाकेल. द्रौपदीही तुझी होईल. आयुष्यभर ज्या एका शब्दानं त्याला हिणवलं गेलं, तो शब्द पुसून टाकायला प्रत्यक्ष कृष्ण आला आहे. ही यादी कटावात, म्हणजे भरभर म्हणायच्या यमकबद्ध रचनेत, बांधली तर फार चांगली चढते. एकेक वस्तू वाढत जाऊ द्या आणि टिपेला नेऊन एकदम थांबा.

आता कर्णाचं उत्तर. इथे वहीतला डावा रकाना उघडा आणि क्रम पाहा. दुर्योधनाचं नाव आधी येत नाही. आधी येतो अधिरथ, ज्यानं त्याला घरी आणलं. मग राधा. कर्ण म्हणतो, मला पाहताच तिला पान्हा फुटला, माझं हगमूत तिनं काढलं, तिच्या पिंडाला मी कसा नकार देऊ? मग अधिरथानं केलेला जातकर्म संस्कार, ठेवलेलं वसुषेण हे नाव, सूतकुळातल्या बायका, त्यांच्यापासून झालेली मुलं, नातवंडं. सगळी पृथ्वी दिली, सोन्याच्या राशी दिल्या, तरी हे खोटं करणार नाही असं तो म्हणतो. दुर्योधनाच्या आश्रयानं तेरा वर्षं भोगलेलं राज्य त्यानंतर येतं. आपल्या भरवशावर दुर्योधनानं युद्ध मांडलं आहे, हे त्यानंतर. आणि अर्जुनाशी द्वंद्व टाळलं तर दोघांचीही अपकीर्ती होईल, हे तर आणखी पुढे.

मुलांना मी हा क्रम पाठच करायला लावते. कर्ण म्हणजे मैत्री, मैत्री म्हणजे दुर्योधन, असं समीकरण आपल्या डोक्यात बसलेलं असतं. त्याच्या तोंडून आधी निघतं ते आईच्या दुधाचं आणि आईच्या कष्टांचं. ‘हगमूत’ हा शब्द उच्चारायला लाजू नका, व्यासांनीही तिथे आडपडदा ठेवलेला नाही. मंडपातल्या बायका त्या शब्दाशी मान वर करून बघतात, हे मी प्रत्येक वेळी पाहिलं आहे.

याच उत्तरात दोन गोष्टी अशा आहेत ज्या गाळल्या तर सगळं आख्यान गोड होतं आणि खोटं होतं.

एक म्हणजे गुप्ततेची विनंती. कर्ण कृष्णाला सांगतो, हे आपलं बोलणं कोणाला कळू देऊ नकोस. युधिष्ठिराला कळलं तर तो राज्य घेणार नाही, मला देईल, आणि मला मिळालं तर मी ते दुर्योधनाला देईन. त्यापेक्षा युधिष्ठिरच राजा होऊ दे. नीट ऐका काय म्हणतो आहे. ज्याच्या बाजूनं मी लढणार आहे त्याला राज्य मिळू नये असं कर्णाला स्वतःला वाटतं. पुढे तो आपली स्वप्नंही सांगतो, त्यात विजय पांडवांचा आहे. कोण बरोबर आहे हे त्याला ठाऊक आहे, कोण जिंकणार हेही ठाऊक आहे.

दुसरी म्हणजे पश्चात्ताप. ‘यदब्रुवमहं कृष्ण कटुकानि स्म पाण्डवान्’, दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना मी जे कडू बोललो, त्याची मला आज आग होते आहे.

सभेतला कर्ण

इथेच, पश्चात्तापाच्या या ओळीवर, सभापर्वात मागे जा. द्यूतसभेचा प्रसंग आधी सांगून मोकळं होण्यापेक्षा कर्णाच्या आठवणीतून सांगितला तर तो जास्त बोचतो. मी या भागाला एकही पद लावत नाही. चिपळ्या खाली ठेवते, साथीदारांना हात वर करून थांबवते आणि साध्या गद्यात बोलते. द्रौपदीच्या विटंबनेला चाल लावली की ती करमणूक होते.

आणि या भागात विकर्णाला आणा. कृपा करून त्याला विसरू नका, कारण माझ्या मते कर्ण समजायची किल्ली त्याच्याकडे आहे. विकर्ण दुर्योधनाचा सख्खा भाऊ. भीष्म, द्रोण, विदुर सभेत असताना हा तरुण उठतो आणि म्हणतो की द्रौपदी जिंकली गेलेली नाही: युधिष्ठिर स्वतः आधी हरला होता, ती पाचांची पत्नी आहे, आणि तिला पणाला लावायला शकुनीनं सुचवलं होतं. सभेतले लोक त्याची वाहवा करतात. त्याला गप्प कोण करतं? दुर्योधन नाही, दुःशासन नाही, कर्ण. पोरकट बोलतोस, म्हणतो. द्रौपदीला बंधकी, म्हणजे कुलटा, म्हणतो. तिची आणि पांडवांची वस्त्रं काढून घ्या, असं दुःशासनाला तोच सांगतो.

आता या प्रसंगाचं दुसरं टोक. हाच विकर्ण पुढे युद्धात कौरवांच्याच बाजूनं लढतो आणि भीमाच्या हातून मरतो. त्यानं पक्ष सोडला नाही. भावाचं अन्न खाल्लं, भावासाठी जीव दिला, आणि तरी भर सभेत भावाच्या तोंडावर ‘हे चूक आहे’ म्हणून मोकळा झाला. म्हणजे खाल्ल्या मिठाला जागणं आणि खरं बोलणं ही दोन्ही एकाच माणसाला, त्याच सभेत, त्याच धन्यासमोर जमत होती. कर्णाला पर्याय दोनच होते, पांडवांकडे जायचं नाही तर दुर्योधनासाठी वाटेल ते करायचं, असं आपण सांगतो. तिसरा पर्याय त्याच्या डोळ्यांसमोर उठून उभा राहिला होता आणि कर्णानं त्याला खाली बसवलं.

कर्णाच्या मानाची गोष्ट मला इथे सापडते. त्याचं ऋण खरं आहे, निष्ठाही खरी आहे. पण ज्यानं आपल्याला मान दिला त्याला नाही म्हणायचं नाही, अशी त्याची ऋणाची समजूत आहे. रथातलं सगळ्यात सुंदर बोलणं आणि सभेतलं सगळ्यात घाणेरडं बोलणं, दोन्ही एकाच मुळातून आलं आहे. ‘दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून’, असं तो स्वतःच सांगतो. कौतुक आणि संताप असे दोन कर्ण तयार करून श्रोत्यांना एक निवडायला लावू नका. एकच माणूस दाखवा.

रथातून उतरताना कर्ण कृष्णाला घट्ट मिठी मारतो. तिथे चिपळ्या पुन्हा हातात घ्या.

कुंती

कुंतीची भेट लोकांना पाठ असते, तरी एक बारकावा सांगितला की मंडप स्तब्ध होतो. कर्ण गंगेकाठी पूर्वेला तोंड करून, हात वर करून जप करतो आहे. पाठ तापेपर्यंत करायचा, असा त्याचा नेम. कुंती मागे येऊन उभी राहते. उन्हानं कासावीस होते आणि त्याच्याच उत्तरीयाच्या सावलीत उभी राहते, सुकत चाललेल्या कमळमाळेसारखी, असं व्यास म्हणतात. जन्मल्या जन्मल्या ज्याला पाण्यात सोडलं त्याच्या वस्त्राची सावली तिला घ्यावी लागते. हे पद सारंगात बांधा. वेळ माध्यान्हीची आहे आणि त्या रागात दुपार आपोआप उतरते.

तो वळतो. ती कोण आहे हे त्याला कृष्णाकडून कळलेलं आहे. आणि नमस्कार करताना तो म्हणतो, ‘राधेयोऽहमाधिरथिः कर्णस्त्वामभिवादये’. राधेचा मुलगा, अधिरथाचा मुलगा कर्ण तुम्हाला नमस्कार करतो. पुढचं सगळं संभाषण या एका ओळीत झालेलं आहे. ही ओळ संस्कृतातच म्हणा, मग मराठीत, आणि मध्ये भाष्य करू नका.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. कृष्णाशी बोलताना कर्णाच्या तोंडी आधी माया आली होती. कुंतीशी बोलताना कडवटपणा येतो, आणि लोकही येतात: आजवर भाऊ म्हणून कोणाला माहीत नव्हतो, ऐन युद्धात पांडवांकडे गेलो तर क्षत्रिय मला काय म्हणतील? म्हणजे लोकांची भीती त्याच्यातून गेलेली नाही. माया, ऋण आणि नाव ही तिन्ही त्याच्यात गुंतलेली आहेत, आणि समोर कोण आहे त्याप्रमाणे एकेक वर येतं. ती सोडवून दाखवायचा अट्टहास करू नका. मग तो अर्जुन सोडून बाकी चौघांना न मारण्याचं वचन देतो, तुझे पाच मुलगे पाचच राहतील म्हणतो, आणि पाळतो. भीम, सहदेव, नकुल, युधिष्ठिर, चौघेही युद्धात त्याच्या तावडीत सापडतात आणि सुटतात. भीमाला धनुष्याच्या टोकानं डिवचून, खादाड म्हणून हिणवून सोडतो. वचन पाळतो, जीभ आवरत नाही. हा बारकावा ठेवाच, तो फार खरा आहे.

भीष्म शरपंजरी पडल्यावर रात्री कर्ण त्याला भेटतो, तो प्रसंगही अप्रतिम आहे. पण त्याला वेगळं कीर्तन द्या.

शेवट कुठे करायचा

चाक रुतण्याचा प्रसंग लोकांना हवाच असतो, तो द्या, पण लांबवू नका. कर्ण धर्माची आठवण देतो आणि कृष्ण विचारतो, ‘क्व ते धर्मस्तदा गतः’, द्रौपदीला सभेत ओढलं तेव्हा तुझा धर्म कुठे होता? कीर्तनकाराला इथे कृष्णावर रागवावंसं वाटतं. पण सभेचा प्रसंग तुम्ही प्रामाणिकपणे सांगितला असेल तर श्रोत्यांना हा प्रश्न वाजवी वाटेल. प्रचलित पाठात पुढे येतं की कर्णानं लाजेनं मान खाली घातली आणि काही उत्तर दिलं नाही. रंगभूमीवर कुळ विचारल्यावरही त्याची मान अशीच खाली गेली होती. तेव्हा न केलेल्या गोष्टीसाठी, आता केलेल्या गोष्टीसाठी. दोन्ही वेळी तुमची स्वतःची मान सारखीच खाली जाऊ द्या, बोलायची गरज नाही.

मृत्यूनंतर शांतिपर्वातला युधिष्ठिर थोडा घ्या. सगळं उघड झाल्यावर तो म्हणतो, द्यूतसभेत कर्ण इतकं टोचून बोलत होता, पण त्याच्या पायांकडे नजर गेली की माझा राग ओसरायचा, कारण ते पाय आईच्या पायांसारखे दिसायचे. असं का, ते त्याला तेव्हा कळलं नव्हतं. यानंतर मूळपदावर या. ‘मन केलें ग्वाही’ ही ओळ आता श्रोत्यांना वेगळी ऐकू येते: कर्णाच्या मनानं साक्ष दिली होती, स्पष्ट दिली होती, पण ती एकट्या कृष्णाच्या कानात, आणि वर कोणाला सांगू नकोस म्हणून. हे स्पष्टीकरण एका वाक्यात करा आणि भैरवीला लागा.

कीर्तनानंतरचे प्रश्न

हे आख्यान नीट लागलं तर लोक प्रसादाच्या रांगेत प्रश्न विचारतात. त्यांना टाळू नका. ‘मग कर्ण वाईट होता का?’ असं लहान मुलं विचारतात. मी सांगते, सभेत त्यानं फार वाईट केलं, आणि त्याला ते कळलं होतं. ‘त्याला न्याय मिळाला असता तर?’ असं तरुण विचारतात. त्यांना सांगा की कुळावरून हिणवणं हा त्या काळचा मोठा अधर्म होता, कर्णाच्या चुकीमुळे तो अधर्म धुऊन निघत नाही, आणि त्या अधर्मामुळे द्रौपदीवर झालेला अधर्मही धुऊन निघत नाही. या दोन वाक्यांतलं एकच सांगून थांबू नका, तुमच्यासमोर कोणते श्रोते बसलेत ते पाहूनही नाही.

सगळ्यांत अवघड प्रश्न मला एका रामनवमीच्या उत्सवात एका मध्यमवयीन गृहस्थांनी विचारला. वडील गेल्यावर त्यांचं शिक्षण एका व्यापाऱ्यानं केलं, पुढे नोकरीही दिली. बऱ्याच वर्षांनी त्याच मालकानं त्यांच्यापुढे चुकीच्या हिशेबाची वही सहीला ठेवली. ‘ताई, कर्णानं काय करायला हवं होतं?’ असं त्यांनी विचारलं, आणि ते कर्णाबद्दल विचारत नव्हते हे उघड होतं.

अशा वेळी उपदेश करू नका, गोष्टच सांगा. मी त्यांना म्हटलं, कर्णानं रथातून उतरून सरळ दुर्योधनाकडे जायला हवं होतं. सांगायला हवं होतं की मी कुंतीचा मुलगा आहे, कृष्ण मला राज्य देत होता, मी ते नाकारून तुझ्याकडे परत आलो आहे, मरेपर्यंत तुझाच राहीन, आणि म्हणूनच सांगतो, हे युद्ध करू नकोस. हे बोलायचा अधिकार त्या दिवशी पृथ्वीवर फक्त कर्णाला होता. दुर्योधनानं भीष्माचं ऐकलं नाही, विदुराचं ऐकलं नाही, आईचंही ऐकलं नाही. कर्णाचं ऐकलं असतं की नाही, हे महाभारतात कुठेच नाही, कारण कर्णानं विचारलंच नाही.

गृहस्थ म्हणाले, ‘आणि नसतं ऐकलं तर?’ मी म्हटलं, मग विकर्णासारखं. त्यांनी विकर्णाची जागा कोणत्या पर्वात आहे ते विचारलं आणि सभापर्व असं कागदावर लिहून घेतलं.